ओतून दिलेलं पाणी

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. देवापुढे बसले तरी मनातल्या मनात अर्ध्यापर्यंत येते आणि थांबते. आज कागदावर तरी पुरी होते का पाहते. बाहेर चपलेचा आवाज आला की हात थांबतो. घरात सगळे झोपलेत, दुपार आहे, कोणी येणार नाही — तरी थांबतो.

माझं शिक्षण चौथीचं. तुमसरला मामाकडे राहून मराठी शाळेत शिकले, म्हणून हे लिहिता येतं. मग मध्य प्रदेशात, कटंगीला आई-बापाकडे परत आले, आणि लग्न होऊन बालाघाटला. मालक ट्रकवर होते. एका पावसाळ्यात गेले ते घरी आलेच नाहीत, त्यांची बातमी आली. मूल नव्हतं. घरात उरलो सासूबाई, धाकटे दीर विलासभाऊजी, आणि मी. सासूबाईंना ऐकू कमी येई. मला बोलणं कमी येई. घर शांत होतं.

भाऊजींनी समोरच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. दुकान आणि आमचं घर यांच्यामध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे बसून मी साड्यांना फॉल लावायचे, पिको करायचे. पलीकडे भाऊजी आणि त्यांचे मित्र मनोहर. मनोहर भरवेलीचे. वडील खाणीत होते. आपल्याला खाणीत जायचं नाही म्हणून हे काम शिकले. रोज सायकलने यायचे. पाटीवर दोघांची नावं होती. मनोहर आले की पडद्याबाहेरूनच म्हणायचे, "वयनी, चाय नाही मांगत, फकस्त हाजरी लावतो." मी चहा ठेवायचे. उत्तर द्यायचे नाही — मला यायचंच नाही.

तेव्हा भाऊजींच्या लग्नाचं बोलणं वारासिवनीला चाललं होतं. एक दिवस शेजारची काकू कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "नवी आली मंग तुले कुठं ठेवन वं ते? दोनच तं खोल्या." ती हसून म्हणाली. मला मात्र त्या दिवसापासून रात्री जाग यायची. भाऊ-भावजयीच्या घरी कटंगीला परत जायचं? कुठल्या तोंडाने? मी मनाशी ठरवलं, या घरात माझ्या हातून एकही चूक होता कामा नये. कोणाच्या डोळ्यांवर यायचं नाही.

हे मी आधी का सांगते आहे? तुम्हाला माझी दया यावी म्हणून? तसं असेल तर ते खोडून वाचा.

आता मशीनचं सांगते. ऐकून ऐकून मला थोडं कळायला लागलं होतं. कॉम्प्युटरच्या आत एक मोठी हिरवी पाटी असते, तिला ते मदरबोर्ड म्हणत. त्यावर एक काळी चिप असते, दोन्ही बाजूंना पाय असलेली, गोमेसारखी. बटण दाबलं की सगळ्यात आधी ती चिप जागी होते आणि बाकीच्यांना उठवते. जुनी मशीन असली, की नवी मोठी डिस्क त्या चिपेला ओळखूच येत नाही. मग फ्लॉपीतून नवी फाईल घेऊन चिपेतलं जुनं पुसायचं आणि नवीन लिहायचं. हे काम चाललं असताना लाईट जाता कामा नये. पुसून झालं आणि लिहिणं अर्धं राहिलं, की मशीन मुकी होते. पंखा फिरतो, पण मशीनचा पडदा काळा, आवाज नाही, काहीच नाही.

असं काम असलं की भाऊजी आधी उदबत्ती लावायचे. तेव्हा लाईट दिवसातून कितीदा तरी जायची. म्हणून लाईट आली, की लगेच काम सुरू करायचं — आत्ताच आली आहे तर थोडा वेळ राहील. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी बसली होती, आणि नवी आणायला कोणी गोंदियाला गेलं नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट. लाईट आली की आमच्या गल्लीत सगळ्यांचे कान नळाकडे. नळाला पाणी असेल तर मोटर लावून ओढायचं. मोटर नाही लावली तर शेजारचे ओढून नेतात, आपल्या नळाला नुसती हवा. आमची मोटर मागच्या अंगणात. दुकानाची आणि मोटरची वायर एकच. मोटर सुरू झाली की घरातले दिवे पिवळे पडायचे. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

त्या दिवशी वारासिवनीच्या एका राईस मिलची मशीन आली होती. मिलवाल्याने स्वतः नागपूरहून मोठी डिस्क आणली होती, आणि मशीन तिला ओळखत नव्हती. मिलवाला खूष झाला तर त्याच्या ओळखीने आणखी कामं येणार होती. मनोहर ती फाईल कुठूनशी फ्लॉपीत घेऊन आले होते. लाईट आली. उदबत्ती लागली. भाऊजींनी पडदा सारून मला सांगितलं, "वयनी, मी सांगत नाही तोवर मोटर नोका लावू." मी मान हलवली.

थोड्या वेळाने समोरच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारली. मिलवाल्याचा फोन होता. भाऊजी मनोहरना म्हणाले, "तू बस, हात नोको लावू," आणि गेले. तेवढ्यात मागे नळ फुसफुसला. दोन दिवस पाणी आलं नव्हतं. सासूबाईंच्या पाण्याची घागरसुद्धा तळाला गेली होती.

मी दाराशी पाहिलं. भाऊजींच्या चपला नव्हत्या. मला वाटलं काम झालं, म्हणून ते बाहेर गेले. मी जाऊन मोटर लावली.

असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. चपला नव्हत्या, मला वाटलं काम झालं. पण ते खरं नाही. पडद्याच्या फटीतून मला मशीन दिसत होती. तिच्या काळ्या पडद्यावर पांढरे चौकोन एकामागून एक भरत होते, आणि मनोहर हाताची घडी घालून त्यांच्याकडे पाहत बसले होते. काम चालू आहे हे मला दिसत होतं. मग का लावली? शेजारच्यांच्या मोटरी घरघरायला लागल्या होत्या. पाणी गेलं तर पुन्हा कधी येईल कोण जाणे, आणि घरात पाणी नाही म्हणजे माझं काम मी केलं नाही. वाटलं — थोडंसं, अर्धा ड्रम, तेवढ्याने काय होणार आहे?

मोटर सुरू झाली. अंगणातला बल्ब पिवळा पडला. ड्रम अर्धा भरत आला तोच तो आणखी मंदावला, आणि आतून मनोहरांचा आवाज आला, "अरे, अरे, अरे—"

मी बटण बंद केलं. मोटर थांबली.

भाऊजी परत आले तेव्हा मशीन मुकी झाली होती. त्यांनी बंद करून चालू केली. पंखा फिरला. काही नाही. आतली बॅटरी काढून घातली, काही नाही. मनोहर म्हणाले, "लाईट डिम झालती बे. मशीन आपोआप रिस्टार्ट झाली." भाऊजी म्हणाले, "मी बूथवर उभा होतो. तिथं तं बल्ब हालला बी नाही. डिम होते तं साऱ्या लाईनचीच होते ना?"

"मी काहून खोटं बोलू?"

"मंग तुह्या हातानं बटन दबलं असंन. नाही तं फाईलच खराब आणली तू."

मग भाऊजींनी पडदा सारला. मी तिथेच उभी होते. ते रागात नव्हते. माझ्याशी ते कधीच रागाने बोलले नाहीत. त्यांनी साधं विचारलं, "वयनी, मोटर लावली होती काय?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. भाऊजी मनोहरकडे वळून म्हणाले, "वयनी खोटं नाही बोलत."

मनोहर माझ्याकडे पाहत होते. तोंडाकडे नाही, खाली. माझ्या लुगड्याचा काठ ओला होता. अंगणातल्या पाइपाचं पाणी पायावर उडालं होतं. त्यांनी ते पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील. आता बोट दाखवतील. पण ते काही बोलले नाहीत. भाऊजी बोलत राहिले, पुष्कळ बोलले — मैत्रीत बोलू नये असं बोलले. मनोहरनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. सायकल घेतली आणि गेले.

का बोलले नाहीत ते? मला माहीत नाही. माझ्यासारखीला चारचौघांत खोटं पाडू नये असं त्यांना वाटलं असेल का? मी विचारलं नाही कधी.

भाऊजी मशीन झाकून बाहेर निघून गेले. मी अंगणात आले तर ड्रम अर्धा भरलेला. सकाळी भाऊजींनी त्याच ड्रमातलं शेवटचं पाणी काढलं होतं. मी बादली घेतली आणि पाणी ओतायला लागले. मोरीत ओतलं तर आवाज होईल, म्हणून भिंतीकडेने, जामाच्या झाडाच्या मुळाशी, हळू हळू. दोन दिवस ज्याची वाट पाहिली ते पाणी. ड्रमाचा तळ फडक्याने पुसून घेतला. पाइप गुंडाळून खिळ्याला लावला. मोटर अजून गरम होती, तिच्यावर ओलं पोतं टाकलं, आणि मग ते पोतंच ओलं दिसेल म्हणून काढून कोरडं टाकलं.

संध्याकाळी भाऊजी हातपाय धुवायला आले. ड्रम रिकामा पाहून म्हणाले, "पानी नाही काय?"

मी म्हटलं, "तुम्ही मोटर लावू नका म्हटलं होतं ना."

हे दुसरं खोटं. पहिलं भीतीने तोंडातून निघून गेलं असं म्हणता येईल कदाचित. हे मात्र मी विचार करून बोलले. भाऊजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "माह्यामुळं तुमाले त्रास." आणि दोन बादल्या घेऊन चौकातल्या हातपंपावर गेले. भरून आणल्या, सासूबाईंची घागर भरली, मग माझ्यासाठी वेगळी कळशी भरून ठेवली. त्या कळशीतलं पाणी मी प्याले.

काही दिवसांनी त्यांनी गोंदियाहून तसाच एक चालता बोर्ड मागून आणला. मला म्हणाले, "वयनी, मजबूत धागा द्या." मी पिकोचा धागा दिला. त्यांनी चांगल्या चिपेच्या खालून, दोन्ही टोकांना धाग्याचे फास ओवले. चालत्या मशीनमधून ती चिप सरळ वर ओढायची आणि तिच्या जागी मिलच्या मशीनमधली मुकी चिप बसवायची, मशीन बंद न करता, म्हणजे तिच्यावर पुन्हा लिहिता येतं. असं काम मनोहरच करायचे, कारण त्यांचा हात हलत नसे. आता मनोहर नव्हते. भाऊजींनी एक टोक मला धरायला दिलं. "मी म्हनतो तवा सरळ वर. तिरपं नोका करू."

मी धागा बोटाला दोनदा गुंडाळून घट्ट धरला. त्यांना वाटलं, मशीनच्या भीतीने.

चिप निघाली. मुकी बसली. तीच फ्लॉपी, तीच फाईल, तेच पांढरे चौकोन. मग ती चिप मिलच्या मशीनमध्ये घातली, बटण दाबलं. एक बारीक आवाज आला, 'टीं' असा, आणि पडदा उजळला. नवी डिस्क ओळखली. भाऊजी लहान पोरासारखे हसले. मग हसणं थांबलं. म्हणाले, "फाईल तं बराबरच होती वयनी. म्हंजे मन्याचाच हात लागला. आन् कबूल बी नाही केलं यानं."

मशीन ठीक झाली होती. मिलवाल्याचं काही बिघडलं नव्हतं. त्या वेळी मी बोलले असते, तर काय गेलं असतं? भाऊजी रागावले असते थोडे. सायकल काढून त्याच दिवशी भरवेलीला गेले असते. धागा माझ्या बोटाला गुंडाळलेला होता. मी तो सोडवत बसले. खूप वेळ सोडवत बसले.

मनोहर एकदाच आले, भाऊजी नसताना, आपले पेचकस, पकडी न्यायला. मी दारातून पुडकं दिलं. त्यांनी ते कॅरियरला बांधलं. निघताना खाली पाहूनच म्हणाले, "वयनी, पानी येते ना आता बराबर?"

मी मान हलवली. ते गेले.

पुढे ते खाणीत लागले असं कळलं. पाटीवरचं त्यांचं नाव भाऊजींनी रंगाने झाकलं. उन्हात तो रंग उडाला की खालची अक्षरं दिसायची, आणि भाऊजी पुन्हा रंगवायचे. लग्न झालं. जाऊ चांगली निघाली. मला कोणी कुठे पाठवलं नाही. मागच्या खोलीला पत्रे टाकून माझ्यासाठी जागा केली, तिथेच बसून हे लिहिते आहे. भाऊजींची मुलं आपसात भांडली की ते म्हणतात, "मोठ्या आईले विचारा. ते खोटं नाही बोलत." मुलं येऊन माझ्यासमोर उभी राहतात. मी खरं सांगते.

मला एकदाच सरळ प्रश्न विचारला होता, दोघांच्या समोर. त्याचं उत्तर मी आज लिहिते.

हो. मोटर मी लावली होती.