अर्ध्या ओठांचा डेमो

मैनाला ओठच नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी तिच्या तोंडावर बोलले होते. वाईट वाटून घ्यायचं तर घे, म्हटलं, पण पार्लरमध्ये चारी बाजूंनी आरसे आहेत. तेव्हा ती वीस वर्षांची. कोळ्याची पोर, भावाकडे पनवेलला राहायला आलेली. जुन्या बाजारात माझं पार्लर आहे, बावीस वर्षं झाली. अनुयाची, म्हणजे माझी, जीभ तिखट आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात आणि तरी परत येतात.

नऊ वर्षांत मैना काय तयार झाली म्हणून सांगू. पातळ ओठांची नवरी आली की तिच्याच हाती द्यायची. ओठांच्या कडेबाहेर केसभर पेन्सिल, कोपरे गडद, मधे फिकट रंग, वरच्या खाचेवर किंचित चमक, खालच्या ओठाखाली तपकिरी सावली. जरा जास्त बाहेर गेलं तर मधमाशी चावल्यासारखं दिसतं, पण मैनाचं कधी गेलं नाही. स्वतःचे ओठ ती घरूनच करून यायची.

सुरुवातीला डेमोसाठी मी तिलाच खुर्चीत बसवायची. अर्धे ओठ रंगवायचे, अर्धे तसेच ठेवायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला फरक दिसतो. बायका हसायच्या आणि बुकिंग करायच्या. दोन वर्षांनी एकदा ती म्हणाली, "ताई, कोनाच्याबी ओठांवर करते. माज्या नको." मी बरं म्हटलं. तेव्हा बरं म्हणायला माझं काय जात होतं?

यंदा तुळशीच्या लग्नाआधी तिचं जमत आलं. मुलगा हरेश, उरणकडे बंदरावर क्रेन चालवतो. तो आणि त्याचा बाप बघून गेले, पसंती कळवली. हरेशला लहानाचा मोठा केला तो भामा आत्याने. तिने तेवढी मुलगी बघायची राहिली होती, आणि त्या घरात तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. मैना गुणगुणत आयब्रो करायची. माझ्या पोटात दुखायला लागलं, खोटं कशाला बोलू? ही उरणला गेली की माझ्या नवऱ्या मुली कोण सजवणार? नऊ वर्षं घासूनपुसून मी तयार केली आणि आयती मिळणार त्यांना.

गुरुवारी दुपारी एक म्हातारी आली. काष्ट्याचं लुगडं, नाकात नथ, चप्पल दारात काढून आत. मैना मागच्या खोलीत कुणाचं वॅक्सिंग करत होती. म्हातारी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मैना हितंच हाय ना? मी हरेशची आत्या. तिला सांगू नका. नटलेली समदे बघतात, मना कामातली बघायची हाय."

मी तिला खुर्ची दिली. चहा मागवला. आणि मैना बाहेर आल्यावर म्हटलं, "या मावशींच्या भाचीचं लग्न आहे. ओठांचा डेमो दाखव. स्वतःवर."

मैनाने माझ्याकडे बघितलं. "ताई, पूर्वीला बसवू का?" पूर्वी म्हणजे आमची शिकाऊ पोरगी.

"पूर्वीचे ओठ चांगले जाड आहेत, त्यात काय दिसणार? पूस अर्धे."

तिने कापूस घेतला आणि पुसले. अर्धं तोंड नवरीचं, अर्ध्यावर नुसती रेघ. मग तिने म्हातारीला एकेक पायरी नीट समजावून सांगितली. म्हातारी वाकून बघत होती.

"घरी असताना पन लावतेस?"

"झोपताना काढते," मैना म्हणाली. खोटं बोलता आलं असतं मेलीला.

दारात चप्पल घालताना आत्या मला म्हणाली, "बरं झालं आलो ते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं काय? आमच्या पोरानं लगीन एकीशी करायचं आन् सकाली उठून दुसरीच बघायची." मी मान हलवली. चहासुद्धा तिने संपवला नव्हता.

शनिवारी मैनाच्या भावाला फोन आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका कोणी मागितलीच नव्हती.

रविवारी पार्लर बंद करताना मैना ब्रश धूत होती. पाठमोरीच म्हणाली, "ती आत्या होती. तुमाला ठावं होतं?"

"होतं," मी म्हटलं. खोटं बोलायला मलाही आलं असतं.

"हरेशला ओठांचं ठावं होतं, ताई. पयल्याच आठवड्यात मी त्याला धुतलेल्या तोंडाचा फोटो पाठवलेला. तो म्हनला, तुझं तू बघ, मना तू आवडलीस. पन आत्यापुढं तोंड नाय उघडत तो." तिने नळ बंद केला. "आन् हितं जवलच, रोडपालीला, खोली बघितलेली त्याने. मीच सांगितलेलं, लगीन झालं तरी पार्लर सोडनार नाय."

एवढी पन्नाशीची बाई मी, आणि त्या पोरीला एका शब्दाने विचारलं नव्हतं. लाज वाटली. आणि ती कुठे जाणार नाही म्हणून आतून बरंही वाटलं, तेही त्याच क्षणी.

माफी मागायची होती. मी म्हटलं, "उद्या दोन नवऱ्या मुली आहेत. सातला ये."

ती आली. पावणेसातलाच.