विचार करून कळवू

शहापूरला मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो आणि फावल्या वेळात एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामचं मराठी करायचो. वापरणारे लोक त्यातल्या चुका आणि आपल्या मागण्या इंटरनेटवरच्या एका यादीत लिहायचे. जी मागणी मान्य नाही तिच्यावर इंग्रजीत सरळ शिक्का, करणार नाही. विषय बंद! मला ते भारी उद्धट वाटायचं. म्हणून मराठी शिक्का मी आपल्या अकलेने लिहिला, 'आपली सूचना मोलाची आहे. विचार करून कळवू.' काय खूश होतो मी स्वतःवर!

त्याच सुमारास धाकट्या बहिणीला बघायला मुरबाडचे पाहुणे आले. पोहे खाल्ले, चहा घेतला, उठताना म्हणाले, "कळवतो." झालं! सगळं घर त्या एका शब्दावर बसून राहिलं. बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. आई म्हणाली, "आता कशाला गो? उद्या ते कळवतील." बाबांनी किन्हवलीचं चांगलं स्थळ परत पाठवलं. मी चिडायचो, "अहो, जाऊन विचारा तरी!"

"मुलीकडच्यांनी असं विचारायचं नसतं रे," बाबा म्हणायचे.

प्रवेशाची मुदत गेली, भाताची कापणी झाली, तरी निरोपाचा पत्ता नाही. शेवटी डोकं फिरलं तसा मी एसटी पकडून मुरबाडला गेलो. दारात मांडव! मुलाचं लग्न होऊन चार दिवस झाले होते. त्याच्या वडिलांनी मला बसवलं, हातावर लाडू ठेवला. म्हणाले, "तुमाला नाय कसं बोलायचं? वाईट वाटलं असतं." अंगाची नुसती आग झाली माझ्या. तरी मी तो लाडू खाल्ला आणि वर 'छान झालाय' म्हणालो.

घरी आईचं वेगळंच. "पण तोंडावर 'नाय' असं बोलले नाय, मान ठेवला आपला." मी कपाळावर हात मारला. बहीण उठून आत गेली.

रविवारी ती क्लासवर आली आणि माझ्यामागे उभी राहून स्क्रीन वाचू लागली.

"विचार करून कळवू? खरंच कळवता?"

"नाय गो, तो नकारच आहे. जरा सभ्य."

"मग त्या माणसाला कधी समजायचं?"

तिने मला खुर्चीवरून उठवलं आणि एकेक अक्षर शोधत टाईप केलं, 'हे आम्ही करणार नाही. वाट बघू नका.'

इंग्रजीत फक्त पहिलं वाक्य होतं. दुसरं तिचं.