बावीस नंबरचा गुडघा

सोलापुरात बसून अमेरिकेतलं फुटबॉल बघायचं आणि त्यावर पोट भरायचं, म्हटल्यावर किस्से साचणारच. आमच्या ऑफिसात ते चहाच्या कपांसारखे साचलेत, विसळायला कुणाला वेळ नाही.

काम असं की तिकडच्या मोठ्या व्यावसायिक टीमा कॉलेजच्या पोरांतून आपले खेळाडू निवडतात. त्याआधी पोरांच्या मॅचचे व्हिडिओ कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघायचे, मार्क द्यायचे, शेरे लिहायचे असतात. ते कुणीतरी म्हणजे आम्ही, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या वरचा मजला. या वर्षी आमच्या वाट्याला एक रनिंग बॅक आला. रनिंग बॅक म्हणजे चेंडू छातीशी धरून समोरच्या गर्दीत घुसणारा गडी. आम्हाला नाव सांगत नाहीत. पाठीवर बावीस होतं, म्हणून तो बावीस.

*

आमच्या घरात सगळ्यांचा जन्म मागावर गेला. माझं काम आईला पटत नाही. एकदा तिनं शेजारी बसून बावीसला आपटताना बघितलं.

"पोरगं पडतंय, अन् तू नुसतं लिहितीस?"

"तेवढ्याचाच पगार आहे, अम्मा."

"मग उचलणाऱ्याला किती देतात?"

हे मी अजून ऑफिसात विचारलेलं नाही.

*

इरफान माझ्या शेजारी बसतो. वळसंगचा. कॉलेजात कबड्डीचा नावाजलेला रेडर होता. सुरुवातीला त्यानं बावीसला सपाटून कमी मार्क दिले. कारण काय, तर तीन-चार जण अंगावर आले की हा गडी सरळ रेषेबाहेर निघून जायचा. कबड्डीत रेषेबाहेर गेला की बाद!

आमचे मॅनेजर गायकवाड सर. त्यांनी क्लायंटचं, म्हणजे आमचे शेरे सगळ्या टीमांना पुरवणाऱ्या तिकडच्या कंपनीचं, उत्तर वाचून दाखवलं: याला तिकडे अक्कल म्हणतात, खेळाडूनं शरीर वाचवलं.

इरफाननं ती धाव परत लावून बघितली. "असं वाचवायचं असतंय, हे आमाला कुणी सांगितलंच न्हाय की," म्हणाला. जिना चढताना त्याचा डावा गुडघा अजून वाजतो.

*

एका मॅचमध्ये बावीसला पाडणारा पोरगा स्वतःच पडून राहिला. बावीसनं हात देऊन त्याला उभं केलं. मी खूश होऊन शेरा लिहिला, सरांनी खोडला.

"मॅडम, याला कॉलम नाही."

"मग नवीन करू की."

"कशाला? घेणारा काय सोयरीक जुळवतोय का?"

तेव्हा मी हसले होते. आता त्या हसण्याचाच राग येतो.

*

मग गुडघ्याचं प्रकरण निघालं. शेवटच्या मॅचेसमध्ये बावीस पडला की उठताना आधी उजवा हात टेकवायचा आणि डावा पाय मागून ओढून घ्यायचा. हे इरफानलाच दिसलं.

"याचा डावा गेलाय. पोरगं लपवतंय," तो मला म्हणाला. "मी बी लपवला हुता."

"लिहू नकोस," मी म्हटलं.

"न्हाय लिवलं तर त्याला खेळवत्याल. मग कायमचाच जाईल की, माज्यासारका."

लिहिलं तर बावीसला कुणी घेणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. संध्याकाळी निघताना इरफाननं लिहिलं.

*

क्लायंट बेहद्द खूश! सरांनी केक मागवला, इरफानच्या हातात सुरी दिली आणि 'सोलापूरची नजर' वगैरे भाषण केलं. इरफाननं केक कापला, सगळ्यांना वाटला, स्वतः खाल्ला नाही. रोजा हाय, म्हणाला. रमजान संपून महिना झाला होता.

*

तिकडची निवड संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इरफाननं कॉलेजचं नाव आणि बावीस नंबर टाकून एक व्हिडिओ शोधून काढला. बावीसच्या बहिणीनं घरातूनच काढून नेटवर टाकलेला. सोफ्यावर बावीस, भोवती सगळे नातेवाईक, अंगात एकसारखे टीशर्ट, समोर टीव्ही. निवडलेल्यांची नावं पुकारत होते. याचं शेवटपर्यंत आलं नाही. बायका हळूहळू प्लेटा उचलायला लागल्या. कुणीतरी टीव्ही बंद केला. बावीस मांड्यांवर कोपरं टेकून खाली बघत बसून होता.

सर मागे येऊन उभे राहिले. "झालं ना बघून? बंद कर ते. नवीन प्लेअरची फाईल आलीय."

इरफाननं माउसवरचा हात काढून घेतला.

"थांबा की सर. आजून उठला न्हाय त्यो."