बॅटरीविना फोन आणि बावीस मापं

माझे धाकटे दीर रेडिओ दुरुस्त करायचे. चौतीस वर्षं एकच दुकान, एकच स्टूल. दुकान बंद झालं तेव्हा भेटवस्तू नको म्हणाले आणि टेबलावरचा पॉवर सप्लाय मागून घेतला. भिंतीतली वीज घेऊन हवे तेवढेच व्होल्ट बाहेर सोडणारा हा लोखंडी डबा. घरात त्याला थोरल्या मुलाचा मान. कुठलीही वस्तू मेली म्हटलेलं भाऊजींना खपत नाही. ती म्हणे रुसलेली असते.

त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, शिवणकाम करते. शाळेच्या बँडचे बावीस गणवेश तिच्याकडे आले होते. टेप धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून मापं ती फोनमध्ये बोलून ठेवते. युक्ती भाऊजींचीच. मापं देऊन मुलं सुटीला पांगली. सोमवारी कार्यक्रम, आणि शनिवारी सकाळी, कात्री हातात घेतली तर फोनची बॅटरी फुगून टम्म! इतक्या जुन्या फोनची बॅटरी बाजारात मिळेना.

"आता बावीस पोरांचं अंदाजपंचे शिवू?" जाऊ कडाडली.

"अंदाजपंचे नाही, चार व्होल्ट," भाऊजी म्हणाले.

फुगलेली बॅटरी त्यांनी अलगद काढून बाहेर वाळूच्या बादलीत ठेवली आणि सप्लायच्या दोन तारा डाख देऊन फोनला जोडल्या. फोन उजळला, कंपनीचं चित्र दाखवलं आणि मान टाकली. पुन्हा तेच. पाचव्या खेपेला जाऊ म्हणाली, "अहो, हा तुमच्यावरच गेलाय. उठतो, जांभई देतो, झोपतो."

मी कंटाळून वर माझ्या खोलीत गेले. माझ्या मागे भाऊजींच्या लक्षात आलं की तारा बारीक आणि हातभर लांब आहेत, वाटेतच जोर सरतोय. त्यांनी जाड, वीतभर तारा लावल्या. फोन उभा राहिला, बोलू लागला, भाऊजी आकडे लिहू लागले.

मला धीर कधीच नव्हता. झाला का चालू ते बघावं, म्हणून मी त्याच फोनवर फोन लावला! सतरावं माप नुकतंच लिहून झालं होतं. वाजायला लागला की फोन एकदम जास्त वीज ओढतो, हे मला कोण सांगणार? जागीच आडवा.

"वहिनी, वाटेल ते करा, पण फोन करू नका!" आयुष्यात पहिल्यांदा भाऊजी माझ्यावर ओरडले.

मी खाली गेले. त्यांनी आधी सिमकार्ड काढून चक्क माझ्यापासून लांब ठेवलं, मग बटण दाबलं. चित्र आलं, गेलं, आणि जाऊचा आवाज खोलीभर घुमला: "अठरा. छाती अठ्ठावीस, पोट सुटलंय, बोटभर जास्त. एकोणीस. हेडमास्तरांचा नातू, नाक वर, कॉलर आखूड."

बावीसही मापं निघाली. जाऊने तडक कापड पसरलं. भाऊजी शेजारी उभेच.

"अगं, काही म्हणशील की नाही?"

"म्हणते ना. सुई ओवून द्या, मला दिसत नाही."

त्यांनी पहिल्याच झटक्यात ओवली. सोमवारपर्यंत एकशे दहा वेळा ओवली म्हणतात. मी मोजली नाही, तेच मोजत होते.