पिवळ्या विहिरीचं पाणी

सात वर्षं मी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत एका प्लेटिंगच्या कारखान्यात केमिस्ट होते. गाड्यांच्या सुट्या भागांवर आम्ही क्रोम चढवायचो. उरलेलं विषारी पाणी शुद्ध करूनच बाहेर सोडायचं, असा नियम होता आणि त्यासाठी मागच्या बाजूला प्लांटही होता. तो माझ्या ताब्यात. म्हणजे कागदावर. पंप कधी चालवायचा हे मालक ठरवायचे, आणि तो फक्त तपासणीच्या दिवशी चालायचा. एरवी सगळं पाणी भिंतीखालच्या पाइपातून सरळ नाल्यात. मला हे ठाऊक होतं. प्लांट चालू असल्याच्या नोंदीखाली रोज माझी सही असायची. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी दुसऱ्यांवरच चिडतेय असं वाटेल.

एका दुपारी वॉचमनचा फोन आला. "मॅडम, गेटवर एक बाई आल्यात. हलायलाच तयार नाहीत."

साठीच्या बाई होत्या. हातात कोल्ड्रिंकची मोठी बाटली, आत पिवळंधमक पाणी.

"आमच्या हिरीचं हाय," त्या म्हणाल्या. "नाल्याच्या कडंला मळा हाय. टमाट्याची रोपं जळाली, सुनेच्या हाताला फोड आले. समदे म्हणत्यात, मातीचा रंग उतरला आसंल. तुम्ही शिकलेल्या हाय, तुम्ही सांगा."

मी बाटली आत नेली. चाचणीच्या रसायनाचे चार थेंब टाकले आणि पाणी क्षणात गडद जांभळं झालं. पुन्हा चाचणी केली, पाणी दहापट पातळ करून केली. तरी जांभळंच. जांभळा रंग म्हणजे क्रोम, आणि तो आमचाच होता.

मालकांकडे गेले. माणूस शिकलेला, मृदू बोलणारा. दर सोमवारी त्र्यंबकेश्वरला जायचा आणि येताना कुशावर्ताचं तीर्थ आणून आम्हा सगळ्यांच्या तळहातावर घालायचा.

"नाल्यावर कितीतरी कारखाने आहेत," तो हसून म्हणाला. "आपलंच पाणी कशावरून?"

"मी तपासलंय, सर."

"बरं. मग सह्या कुणाच्या आहेत, तेही तपासा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. राग त्याच्यावर होता, आणि त्याहून जास्त त्या सहीवर, जी मी सात वर्षं घड्याळाकडे बघत ठोकली होती. त्याच संध्याकाळी मी सगळं हातानं लिहून काढलं. पाइप कुठे आहे, कधी उघडतो, माझ्या कोणत्या नोंदी खोट्या आहेत. सकाळी अर्ज सरकारी कार्यालयात दिला आणि नोकरी सोडली.

कारखान्याला सील लागलं. बाईंच्या विहिरीवर कुणीतरी लाल रंगात 'पाणी पिण्यास अयोग्य' लिहून गेलं. मी मळ्यात गेले तेव्हा त्या तेच वाचत उभ्या होत्या.

"मंग आमी इतकी वर्सं काय पिलो?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला ठावं व्हतं का, मॅडम?"

"नाल्यात सोडतात, ते माहीत होतं."

त्या शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर खोचला आणि टँकरच्या रांगेत हंडे लावायला निघून गेल्या. सून फोड आलेले हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली. मला तिथं उभं राहवेना.

चार महिन्यांत तोच कारखाना शेजारच्या गल्लीत सुरू झाला. पाटीवर मालकाच्या बायकोचं नाव. तीच यंत्रं, तेच कामगार, भिंतीखाली पुन्हा तसाच पाइप, नाला तोच. 'रोजगार देणारा उद्योजक' म्हणून गणेशोत्सवात त्याचा सत्कारही झाला. आम्ही दोघींनी, बाईंनी आणि मी, पुन्हा तक्रार केली. आता कोर्टात तारखा पडतात.

गेल्या तारखेला त्याचा वकील माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "खोट्या नोंदी तर या बाईंनीच केल्यात."

"केल्यात," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की मागच्या बाकावरचे लोक उठून बघायला लागले. "काय शिक्षा द्यायची ती मला द्या. पण आधी कुणीतरी जाऊन तो पाइप बंद करा! आत्ता, या घटकेलाही तो चालू आहे!"

मला शांत राहायला सांगण्यात आलं. पुढची तारीख मिळाली. बाहेर बाई माझ्यासाठी थांबल्या होत्या. "पुढच्या टायमाला मलाबी बोलू द्या," एवढंच म्हणाल्या, आणि आम्ही बसस्टॉपकडे चालू लागलो.