बियाला ठेवलेला दुधी

आत्या ही माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. तोंडावर मी तिला ‘तुम्ही’ म्हणते, पण मनात ती ‘ती’च आहे आणि इथेही तसंच लिहिणार आहे. तिला हे वाचून दाखवलं तर ती म्हणेल, माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं, त्यापेक्षा गोठा झाडून घे. गोठा सकाळीच झाडून झाला आहे.

आमचं शेत लहान. तीन एकर, एक विहीर, एक गाय, नऊ कोंबड्या, एक कोंबडा आणि पाच माणसं. गाय सासूबाईंची, म्हणजे धार त्याच काढणार. दुसऱ्या कोणाचा हात लागला की ती बादलीत पाय घालते. मोटर, पाणी आणि नांगरट नवऱ्याकडे. सासरे सगळ्यांवर देखरेख करतात, म्हणजे ओट्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकतात. पण कुदळीला दांडा बसवावा तर त्यांनीच, हेही कबूल केलं पाहिजे. आणि घरामागचा भाजीचा तुकडा आत्याचा. वांगी, मिरच्या, घेवडा, आणि गोठ्याच्या भिंतीवरून छपरावर चढवलेला दुधीचा वेल.

त्या तुकड्यात दिवसाकाठी तिच्या वीस तरी फेऱ्या होतात. ती झाडांशी बोलत वगैरे नाही. बायका झाडांशी बोलतात असं सांगणाऱ्यांनी स्वतः कधी खुरपं धरलेलं नसतं, असं माझं मत आहे. आत्या नुसती बघते आणि बघता बघता तिचे हात चालू असतात. वाळकं पान तोडायचं, अळी टिपून डब्यात टाकायची, खाली लोंबणाऱ्या फांदीला सुतळीचा आधार द्यायचा. मी आले तेव्हा दुसऱ्यांच्या कामातही तिचा हात आधीच फिरलेला असे. सासूबाई धारेला निघाल्या की बादली विसळून दारात ठेवलेली. नवऱ्याचा सदरा उसवलाय हे त्याला कळायच्या आत टाका घातलेला. स्वतःसाठी मात्र ती काही म्हणजे काही मागत नसे. चहात साखर घालायची मी विसरले तरी मुकाट्याने पिऊन कप धुऊन ठेवायची. मला हे आठवड्याभरातच खटकलं, कारण मी मागून घेणारी, आणि नाही मिळालं तर भांडणारी.

लग्नानंतर तीन वर्षांत तिचा नवरा तापाने गेला आणि ती भावाकडे राहायला आली. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली होती. येताना तिच्याकडे चार कपडे होते आणि एका पुरचुंडीत दुधीच्या बिया. त्याच बियांचा वेल दर वर्षी गोठ्यावर चढत आलेला. बुटका, गोलसर, चवीला गोडसर दुधी. आमच्याकडे दुसरा दुधी कोणी खातच नाही.

एका बाबतीत मात्र आत्या ताकास तूर लागू देत नसे. कोणतं फळ बियाला ठेवायचं, कधी उतरवायचं, बी कशी पारखायची, राखेत कशी ठेवायची, हे तिचं तिलाच ठाऊक. माळ्यावर सात मडकी होती, तोंडाला फडकं बांधलेली. सासूबाईंनी कधीतरी शिकवा म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही कशाला त्रास घेता वहिनी, मी आहे ना. सासूबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

मी या घरात आले त्या वर्षी दुधीच्या मडक्यात ओल शिरली होती आणि बिया कुजल्या होत्या. बऱ्या दिसणाऱ्या अकरा तिने लावल्या, त्यातली एकच उगवली. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. लग्नाला दीड महिना झालेली सून. तिला चहाचा डबा कुठे आहे हे सांगतात, मडक्यातली ओल सांगत नाहीत.

त्या दिवशी आत्या आणि सासरे दळण घेऊन गिरणीवर गेले होते, सासूबाई आणि नवरा शेतात. स्वयंपाक पहिल्यांदाच माझ्या एकटीवर आलेला. भाजी काय करावी म्हणून मागे गेले, तर गोठ्याच्या भिंतीपाशी एक कोवळा, तुकतुकीत दुधी लटकत होता आणि त्याच्या देठाला लाल चिंधी बांधलेली. मला भरून आलं. माझ्या माहेरी आम्ही पाच भावंडं, हाताला लागेल ते तोडणारी. म्हणून आई संध्याकाळीच फिरून, सकाळी जे तोडायचं त्याला चिंधी बांधून ठेवायची. चिंधी दिसली की तोडा, नसेल तर हात लावाल तर खबरदार. मला वाटलं, आत्याने माझ्यासाठी खूण करून ठेवली. नवीन आहे पोर, गोंधळेल, म्हणून. किती माया करते ही बाई, असं म्हणत मी तो दुधी खुडला.

भाजी चांगली झाली होती, ते मी आजही सांगेन. सासऱ्यांनी दोनदा घेतली. नवरा काही न बोलता जेवला, म्हणजे त्यालाही आवडली. आत्या शेवटी बसली, तिनेही चार घास खाल्ले आणि हाताला चव आहे म्हणाली. मग सहज विचारलं, कुठला दुधी घेतलास गं?

“चिंधीवाला,” मी म्हणाले. “तुम्ही बांधून ठेवला होता ना, तोच.”

सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. सासऱ्यांनी आपल्या रिकाम्या ताटाकडे असं पाहिलं, जणू ते परत भरता आलं तर बरं. काहीतरी भलतंच झालंय एवढं मला कळलं, काय ते कळेना. आत्याने ताटातला उरलेला घास संपवला, अन्न टाकायचं नाही म्हणून. हात धुतले आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली. मग नवऱ्याने मला सांगितलं. इथे चिंधी म्हणजे तोडायचं नाही. त्या वेलावर तेवढं एकच फळ बियाला ठेवलेलं होतं. त्यातली बी अजून दुधाळ होती, ती लावून काही उगवणार नव्हतं. बाकीची फळं आधीच खाऊन झाली होती आणि वेल उतरणीला लागला होता.

आत्या मला रागावली असती तर फार बरं झालं असतं. मी उलट बोलले असते, ते मला चांगलं जमतं. पण ती दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी वागली आणि चहासुद्धा नेहमीसारखा न बोलता प्यायली. तीन दिवस मी आतल्या आत धुमसत होते, तिच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त. चौथ्या दिवशी ती मिरच्यांना पाणी देत असताना मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, झालं ते झालं, आता यावर काय करता येईल ते सांगा, मी करते. तिने नळी दुसऱ्या वाफ्यात टाकली. मग जे बोलली ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

“या घरात मी रिकाम्या हाताने आले नव्हते, एवढं दाखवायला तो वेल होता, पोरी. आणि बियांचं कोणाला येत नाही, म्हणून माझी गरज होती.”

एवढं कष्ट करणारं माणूस सव्वीस वर्षं या घरात जागेचं भाडं भरल्यासारखं राबत होतं, आणि आम्हाला वाटायचं की तिला कामाची हौस आहे. मला तिची कीव नाही आली, मला आमचा सगळ्यांचा राग आला.

त्या संध्याकाळी तिनेच हाक मारली. शेंड्याकडची उशिराची फुलं गोठ्याच्या छपरावर होती आणि आत्याच्या गुडघ्यांना शिडी झेपत नव्हती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. इथे गरजवंताने अक्कलहुशारीने मला वर चढवलं. दुधीचं फूल दिवेलागणीला उमलतं, पांढरंशुभ्र. खाली उभं राहून ती सांगत होती. नुसत्या देठावरचं ते नर फूल, ते खुड. ज्याच्या मागे बोटाएवढा दुधी दिसतो ते लेकुरवाळं फूल, त्याला धक्का लावू नकोस. आता नराच्या पाकळ्या काढ आणि आतली पिवळी पूड लेकुरवाळीच्या आत अलगद टेकव. थंडी पडायला लागली की किडे फिरकत नाहीत, मग हे काम माणसाने करायचं. सलग चार दिवस मी छपरावर आणि ती खाली, मान वर करून. अलगद म्हटलं मी, भांडी घासतेयस का, असं एकदा ओरडलीही. तेव्हा मला हायसं वाटलं.

सहा फुलांना हात लावला, त्यातली दोन धरली. त्यातलं एक आठवडाभरात पिवळं पडून गळालं. उरलं एक.

त्या एकाची जी बडदास्त ठेवली ती विचारू नका. नवऱ्याने जुन्या पोत्याची झोळी करून त्याला टांगलं, वजनाने देठ तुटू नये म्हणून. मी भांडी विसळल्याचं पाणी बादलीने वेलाच्या बुंध्याशी नेत होते. थंडी वाढली तशी सासूबाईंनी गाईची घोंगडी छपरावर टाकायला दिली. हिच्या गाईपेक्षा आणि नवऱ्यापेक्षा दुधीचं नशीब चांगलं, असं सासरे म्हणाले आणि स्वतः मात्र रोज ओट्यावरून उठून एक चक्कर मारून यायचे. दोन महिन्यांत कातडं असं कडक झालं की नख रुतेना. वेल वाळला. मी शिडीवर चढून देठ कापला आणि दुधी दोन्ही हातांनी छातीशी धरून खाली उतरले. पुढे तो तुळईला टांगून वाळवला, हलवल्यावर आत बिया खुळखुळायला लागल्या, तेव्हा आत्याने तो अंगणात फोडला.

बिया शेकड्यांनी होत्या. तिने त्या पाण्यात टाकल्या. तरंगल्या त्या कोंबड्यांना, बुडल्या त्या आपल्या. सावलीत वाळवायच्या, उन्हात नाही. राख चाळून घ्यायची, पूर्ण थंड झालेली. मडकं आधी तापवून कोरडं करायचं, गेल्या वर्षी तिथेच चूक झाली होती, हेही तिने सांगितलं. दुधीचं झाल्यावर तिने वांग्याचं सांगितलं, मग मिरचीचं, मग घेवड्याचं. सातही मडकी तिने माझ्याकडून उतरवून घेतली आणि एकेक उघडून दाखवलं. मी खुशीत होते. इतकी खुशीत, की ती एवढ्या घाईने सगळं का सांगते आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

ते कळलं चार दिवसांनी. संध्याकाळी आम्ही पाचही जण ओट्यावर घेवड्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. आत्या मान खाली घालूनच म्हणाली, “आता हिला सगळं येतं. धाकटे दीर कधीचे बोलावताहेत, तिकडे जाऊन राहीन म्हणते.”

सासऱ्यांचा हात थांबला. नवऱ्याने सवयीने माझ्याकडे पाहिलं, जणू हेही मीच शिजवलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई बोलल्या. त्या कमी बोलतात आणि बोलताना हातातलं काम सोडत नाहीत. तेव्हाही सोडलं नाही.

“बिया ठेवायला मडकं पुरतं, वन्सं. माणूस कशासाठी ठेवून घेतात, हे तुम्हाला सव्वीस वर्षांत कळलं नाही?”

आत्याने आणखी तीन शेंगा सोलल्या. दाणे टाकले टरफलांत आणि टरफलं दाण्यांत. कोणी चूक दाखवली नाही. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. सासऱ्यांनी घसा खाकरून एवढंच सांगितलं, की दिरांना कळवून टाक, जमणार नाही म्हणून. टोपली रिकामी झाल्यावर आत्या म्हणाली, “मग उद्या मी जरा उशिरा उठेन म्हणते.”

“उठा की,” सासूबाई म्हणाल्या. “कोण हाका मारतंय.”

साडेचारला उठणारं माणूस ते. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं नेहमीच्या वेळी उठलो आणि चपला हातात घेऊन घरात वावरलो. सासूबाईंनी बादलीची कडी वाजू नये म्हणून तिला फडकं गुंडाळलं. सासऱ्यांना सकाळी खोकला येतो, तर ते खोकायला विहिरीवर गेले. मोटर सुरू केली नाही. राहता राहिला कोंबडा. त्याला नवऱ्याने आदल्या संध्याकाळीच उचलून शेताच्या पार टोकाच्या खोपीत टोपलीखाली ठेवलं होतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हणतात. उजाडलं वेळेवरच. आत्या साडेसातपर्यंत झोपली होती.