सरकारी दुकानातली गोळी

आमच्या अक्काला आठ महिन्यांची असताना अफू दिली होती. आणि देणारी आमची आईच.

दचकू नका. १९३०च्या दशकातल्या सोलापुरात गिरणीत जाणाऱ्या कितीतरी बाया हेच करायच्या.

आज दुपारी अक्का गेली. नव्वदी ओलांडून, व्यवस्थित जेवून. मी तिचा सगळ्यात धाकटा भाऊ. ती अफू दिली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण आईने हे इतक्यांदा सांगितलंय की मी तिथेच उभा होतो असं वाटतं.

गिरणीत पोर न्यायला बंदी. घरी ठेवावं तर ते रडणार.
त्यावर इलाज म्हणजे मोहरीएवढी गोळी. दुपारच्या भोंग्यापर्यंत पोर गप्प.

अफू चोरून आणावी लागायची नाही. इंग्रज सरकारचं लायसन असलेलं रीतसर दुकान होतं. एका माणसाला ठरलेल्या वजनाच्या वर द्यायची नाही, हा कायदा. वजन बरोबर असलं की सगळं लीगल.
घरातलं पोर किती महिन्यांचं, हे कुणी विचारत नसे.

आई कामावर गेली की शेजारची नरसम्मा अक्काला सांभाळायची. विणकराच्या घरातली म्हातारी, जीव लावणारी.
दोघींचं ठरलेलं होतं. आईने घरूनच गोळी दिली असेल तर अक्काच्या गालावर काजळाची तीट. तीट नसेल तर नरसम्माने द्यायची.

एका सकाळी आईला उशीर झाला. भोंगा वाजला, ती पोरीला नरसम्माच्या मांडीवर टाकून पळाली.
गोळी दिली होती. तीट राहिली.

दुपारच्या सुट्टीत पाजायला आली तर पोर छातीला लागेना. ओठ निळे पडलेले.

"नरसम्मा, तुमी दिली का काय?"
"दिली की! गालावर तीट कुटं हुती?"

पोटात दोन गोळ्या गेल्या होत्या.

मग टांगा, दवाखाना. डॉक्टर म्हणाले, हिला झोपू देऊ नका. पाणी मारा, तळपाय चोळा, चिमटे काढा, पण रडवा.
सकाळी जी रडू नये म्हणून गोळी दिली, तिनं रडावं म्हणून त्या दोघी दिवस मावळेपर्यंत तिला चिमटे काढत होत्या.
अक्का रडली. नरसम्मा तिथेच फरशीवर बसली आणि तिच्याहून मोठ्यानं रडली.

दवाखान्यातून खबर गेली, दुसऱ्या दिवशी चौकशीला हवालदार आला. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, अफूची पुडी पुढे केली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली.

"लायसनच्या दुकानातली हाय. चोरटी न्हाय. गुन्हा काय होत न्हाय."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. आई मात्र उसळली.
"गुन्हा न्हाय? माझी पोर जात हुती की! मग ह्ये केलं कुणी?"

हवालदार टोपी सारखी करून निघून गेला.

चोरटी अफू धरायला पोलीस, आणि सरकारी अफू विकायला सरकारच. या धोरणाचा मला आजही संताप येतो. पुढे कायदे कडक झाले, ती दुकानं गेली, बरंच झालं. पण पोर कुठे ठेवायचं, हा आईचा प्रश्न कुठल्याच कायद्यात नव्हता.

आईला शिक्षा हवी होती. कुणी देईना, तेव्हा तिनं स्वतःलाच दिली.
अक्का दिवसा झोपली की आईचा जीव थाऱ्यावर नसे. हलवून उठवायचीच.

अक्काला नातवंडं झाली तरी हे चालू होतं. ती माहेरी आली, जेवून जरा आडवी झाली, की ऐंशी वर्षांची आई काठी टेकत यायची.
"ए पोरी, जागी हाय न्हवं?"
"व्हय गं आई, जागी हाय. लई तरास देतीस बघ!"

अक्का खरंच जागी असायची. आई शेजारच्या खोलीत असेपर्यंत ती डोळे मिटायची नाही. मला वाटायचं तिला झोप येत नाही. ती आईसाठी जागत होती, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

आज जेवून ती आडवी झाली. गाढ झोप लागलीय म्हणून सुनेनं उठवलं नाही. चार वाजता चहाला हाक मारली, तेव्हा ती गेलेली होती.

सून सारखी म्हणतेय, मी आधीच उठवायला हवं होतं.
नाही गं पोरी. तुझं काही चुकलं नाही.

अक्का, झोप. जन्मभर जागलीस आईसाठी.